आकडा आणि त्याची जागा

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत प्रशासक या नात्याने मी आपणांसमोर आकडे वाचून दाखवतो. बाह्यरुग्ण किती आले, प्रसूती किती झाल्या, सवलतीत उपचार किती जणांना मिळाले, हे सारे आकडे याही अहवालाच्या पुढील पानांवर आहेत. आज मात्र ते आकडे संगणकात वाचले कसे जातात आणि चुकीचे वाचले गेले तर काय घडते, याविषयी बोलण्याची अनुज्ञा मी अध्यक्ष महोदयांकडून घेतली आहे. विषय रूक्ष वाटण्याचा संभव आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. संख्याशास्त्रज्ञ नव्हे आणि संगणकतज्ज्ञही नव्हे. परंतु काही वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचा हिशेब मला आपणांस द्यावयाचा आहे. तो नीट देता यावा म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे क्रमप्राप्त आहे.

आपल्या तालुक्यातील नाणेघाट आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथील लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे एका अर्थी दानाचा अहवालच आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण नाणी दिली, याची नोंद त्यात आहे. भारतातील अंकलेखनाच्या जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. त्यातील अंकांची पद्धत आजच्यासारखी नाही. तेथे शून्य नाही आणि स्थानावरून किंमतही ठरत नाही. शंभरासाठी स्वतंत्र चिन्ह आहे, हजारासाठी स्वतंत्र चिन्ह आहे. चारशे लिहावयाचे असतील तर शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले जाते. म्हणजे त्या लेखातील प्रत्येक चिन्ह आपली किंमत आपल्या अंगावर घेऊन उभे आहे. ते कोठेही कोरले तरी त्याची किंमत बदलत नाही.

पुढे दशमान पद्धत आली आणि अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरू लागली. हा मानवी बुद्धीचा मोठा विजय होय. परंतु त्याबरोबर एक जबाबदारीही आली. जागा चुकली की किंमत चुकते, आणि अंक स्वतः त्याविषयी काही बोलत नाही.

माझे आजोबा नारायणगावच्या बाजारात एका आडत दुकानी दिवाणजी होते. त्यांच्या जुन्या खतावण्या मी लहानपणी पाहिल्या आहेत. पानावर उभ्या रेघा आखून रुपये, आणे आणि पै असे तीन रकाने केलेले असत. एका ओळीत १२, ८ आणि ६ असे आकडे दिसले, तर ते बारा रुपये आठ आणे सहा पै होत. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा. मध्ये टिंब नाही, स्वल्पविराम नाही. रकाना हाच अर्थ. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. तेव्हापासून रकाने तीनाचे दोन झाले, पण तत्त्व तेच राहिले. आजोबा म्हणत, "रेघ पुसली गेली तर वही रद्दी समजायची." त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

संगणकातील ज्या प्रकारच्या नोंदीविषयी मी बोलणार आहे, ती नेमकी अशी रेघा पुसलेली वही आहे. तिला निश्चित रुंदीची मजकूर-फाइल म्हणतात. या फाइलीत एका रुग्णाची एक ओळ असते. प्रत्येक माहितीला ठरावीक घरे दिलेली असतात, आणि दोन माहितींच्या मध्ये स्वल्पविराम किंवा मोकळी जागा असेलच असे नाही. ही रीत छिद्रपत्रांच्या काळापासून चालत आली आहे. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी छिद्र पाडलेली पत्रे यंत्राने मोजून दाखविली, आणि १९२८ मध्ये आयबीएम कंपनीने ऐंशी स्तंभांचे पत्र आणले. पत्रावर जागा मोजकी होती. म्हणून दशांशचिन्हासाठी एक घर खर्च करण्याऐवजी ते लिहावयाचेच नाही, फक्त ते कोठे आहे असे मानावयाचे हे ठरवून ठेवावयाचे, अशी काटकसर रूढ झाली. पत्रे गेली, काटकसर राहिली. आजही बँकांकडे जाणाऱ्या अनेक देयक-फाइलींत रक्कम पैशांत लिहिलेली असते आणि रुपयाचे टिंब वाचणाऱ्याने मनात धरावयाचे असते.

एक काल्पनिक ओळ सांगतो. समजा, पहिली सहा घरे रुग्ण क्रमांकाची, पुढील सहा पिनकोडची, नंतरची दोन वयाची आणि शेवटची चार हिमोग्लोबिनची आहेत. ओळ अशी दिसेल:

००४१२७४१०५०४२३ ०९५

नीट वाचले तर रुग्ण क्रमांक ००४१२७, पिनकोड ४१०५०४ म्हणजे नारायणगाव, वय २३ आणि हिमोग्लोबिन ९.५. आता वाचणाऱ्याने वयाचा रकाना तेराव्या घराऐवजी बाराव्या घरापासून धरला, तर वय ४२ होईल. संगणक कोणतीही तक्रार करणार नाही, कारण बेचाळीस हेही माणसाचे वय असू शकते. अशा चुकीची खरी भीती हीच आहे, की ती संभाव्य दिसते. वय ९४२ आले असते तर कोणाच्याही लक्षात आले असते.

रुग्ण क्रमांक आणि पिनकोड अंकांत लिहिलेले असले तरी त्या संख्या नव्हेत, ती नावे आहेत. कोणी जुन्नर आणि मंचरच्या पिनकोडांची बेरीज करीत नाही. त्यांना संख्या म्हणून वाचले तर ००४१२७ मधील आरंभीची शून्ये गळून ४१२७ उरतात, आणि मग दुसऱ्या वहीतील ००४१२७ शी त्याची गाठ पडत नाही. म्हणून ओळख सांगणारे अंक अक्षरे म्हणूनच वाचावेत, हा पहिला धडा.

दुसरा धडा दशांशचिन्हाचा. आपल्या चुकीचे मूळ तेथे आहे, म्हणून तो थोडा सावकाश सांगतो. संख्याशास्त्रीय कामासाठी सॅस, एसपीएसएस, स्टाटा, आर अशा प्रणाली वापरल्या जातात. सॅसमध्ये फाइल वाचताना रकान्याची रुंदी आणि दशांशस्थळे सांगण्याची सोय आहे. 'चार घरे, एक दशांश' असे सांगितले, तर नवशिक्याला वाटते की उत्तर एका दशांशस्थळापर्यंत दिसेल. छापताना त्याचा अर्थ तसाच आहे. वाचताना मात्र अर्थ निराळा आहे. वाचताना तो आदेश असा आहे: आकड्यात टिंब लिहिलेले असेल तर ते प्रमाण मान आणि माझ्या सूचनेकडे दुर्लक्ष कर, टिंब नसेल तर शेवटचा एक अंक दशांश समज, म्हणजे दहाने भाग. एसपीएसएसमध्येही दशांशस्थळे सांगितली तर हाच नियम चालतो. हा नियम जुन्या फोरट्रान भाषेपासून आलेला आहे.

या नियमाने ०९५ चे ९.५ होते, हे योग्य. ९.५ असे टिंबासह लिहिलेले ९.५ च राहते, हेही योग्य. परंतु एखाद्याने पूर्ण अकरा म्हणून नुसते ११ लिहिले असेल, तर त्याचे १.१ होते. याउलट 'चार घरे, दशांश नाही' असे सांगितले तर ११ हे ११ राहते, ९.५ हे ९.५ राहते, पण ०९५ चे पंचाण्णव होते. एकाच रकान्यात दोन रीतींनी लिहिलेले आकडे असतील, तर यांपैकी कोणताही एक आदेश सर्व ओळींना न्याय देऊ शकत नाही.

आमच्या फाइलीत नेमके हेच होते. आंबेगावच्या पश्चिम भागात, आहुपे आणि डिंभे धरणाच्या वरच्या बाजूच्या पाड्यांवर, तसेच जुन्नरच्या मढ खोऱ्यात, आपण गर्भवती भगिनींची तपासणी शिबिरे घेतो. शिबिरात छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन पाहिले जाई आणि आकडा हाताने टंकलिखित होई: कोठे ९.५, कोठे नुसते ११. ज्यांचा आकडा फार कमी येई त्यांचे रक्त खात्रीसाठी मुख्य प्रयोगशाळेत आणले जाई, आणि तेथील यंत्राचा आकडा शिबिराच्या आकड्याच्या जागी ठेवला जाई. ते यंत्र टिंब न देता तीन अंक पाठवी: ०६४, ०७१, ०९५. या दोन रीती एका रकान्यात आल्या आहेत, याची नोंद कोठेही केलेली नव्हती. फाइलीबरोबर जे रचनापत्रक असावयास हवे, म्हणजे कोणते घर कशाचे आणि टिंब कोठे मानावयाचे हे सांगणारा कागद, तो आमच्याकडे नव्हता.

त्या वर्षी एका दानशूर कुटुंबाने रक्तक्षयाच्या उपचारांसाठी साहाय्य करण्याची इच्छा दर्शविली आणि तीव्र रक्तक्षयाच्या भगिनी किती, असे विचारले. गरोदरपणात हिमोग्लोबिन डेसिलिटरला सात ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो तीव्र रक्तक्षय मानतात. संख्याशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विनामूल्य मदत देऊ केली होती. मी तिला फाइल दिली आणि "हिमोग्लोबिनला एक दशांश असतो" एवढेच सांगितले. तिने मी सांगितले तसे वाचले. तीव्र रक्तक्षयाची यादी इतकी लांब निघाली की मीही क्षणभर स्तब्ध झालो. यादी घेऊन मी प्रयोगशाळेत गेलो. आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "साहेब, एक पॉइंट एक हिमोग्लोबिन असलेली बाई उभी तरी राहील का? हिने तर शिबिरात स्वतः चालत येऊन नाव लिहिलंय."

त्यांचे म्हणणे खरे होते. ते १.१ म्हणजे शिबिरातील ११ होते. येथे थांबून मूळ नोंदवही काढावयास हवी होती. परंतु प्रस्ताव पाठविण्याची तारीख जवळ आली होती. मी त्या मुलीला सांगितले, "दशांशाची सूचना काढून टाका, आणि वीसच्या वरचे जे आकडे येतील ते टंकलेखनाच्या चुका समजून वगळा." तिने शंका बोलून दाखविली होती, मी ती ऐकली नाही. नवी यादी छोटी आणि शोभणारी निघाली. प्रस्ताव गेला. त्याच यादीवरून पुनर्तपासणीसाठी बोलावण्याची पत्रेही गेली.

आता मी काय केले होते ते पाहा. यंत्राचे सर्व तीन अंकी आकडे दहापट होऊन वाचले गेले. ०६४ चे चौसष्ट झाले. चौसष्ट हिमोग्लोबिन असूच शकत नाही, म्हणून ती ओळ वगळली गेली. आणि यंत्राच्या आकड्यांत कोण होते? ज्यांचे रक्त फार कमी असल्याचा संशय आला होता, त्याच भगिनी. ज्यांच्यासाठी यादी करावयाची, त्यांनाच मी एका वाक्याने यादीबाहेर काढले होते.

काही आठवड्यांनी रात्रीच्या वेळी वरच्या एका पाड्यावरून एका भगिनीला जीपमधून आणले गेले. नववा महिना चालू होता, धाप लागली होती. तिच्या सासूबाईंनी पदराच्या गाठीतून आमच्याच शिबिराचे कार्ड काढून परिचारिकेपुढे ठेवले. त्यावर आमच्याच प्रयोगशाळेचा आकडा होता: ६.४. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिका माझ्या टेबलापाशी आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, हिला बोलावणं का नाही गेलं?" मी फाइल उघडली. तिच्या ओळीत ०६४ होते. आमच्या यादीत ती नव्हती.

ती भगिनी रात्री मिळविलेल्या रक्तामुळे, डॉक्टरांच्या प्रयत्नांमुळे आणि तिच्या भावाच्या धावाधावीमुळे सुखरूप बाळंत झाली. आमच्या यादीचा त्यात काही वाटा नव्हता. त्या आठवड्यात आम्ही नोंदवही आणि फाइल शेजारी ठेवून एकेक ओळ तपासली, वगळलेल्या सर्वांना निरोप पाठविले आणि त्या दानशूर कुटुंबाला पत्र लिहून पहिला आकडा मागे घेतला. त्यांनी साहाय्य कमी केले नाही. उलट, पत्र पाठविल्याबद्दल समाधान व्यक्त केले. त्यांचे ऋण मी आज जाहीरपणे व्यक्त करतो. त्या विद्यार्थिनीची मी क्षमा मागितली. या सभेतही मागतो. चूक तिच्या आज्ञावलीची नव्हती, माझ्या घाईची होती.

ही अडचण केवळ आपल्या लहान रुग्णालयाची नाही. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण केले जाते. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात ५७ टक्के आणि महाराष्ट्रात ५४.२ टक्के होते. या सर्वेक्षणाची माहिती अभ्यासकांना ज्या स्वरूपांत दिली गेली, त्यांत निश्चित रुंदीची फाइलही आहे. तिच्यात हिमोग्लोबिन एक दशांश मानून, टिंब न देता लिहिलेले असते. तसेच ९९४ म्हणजे स्त्री उपस्थित नव्हती, ९९५ म्हणजे तिने तपासणीस नकार दिला, असे संकेतही त्याच रकान्यात असतात. ते न ओळखता वाचले तर नकार देणाऱ्या स्त्रीचे हिमोग्लोबिन ९९.५ होऊन सरासरीत मिसळते.

त्याच फाइलीत प्रत्येक कुटुंबाचा भारांक सहा दशांशस्थळे मानून लिहिलेला असतो. तो दहा लाखांनी भागावयास विसरले, तरी टक्केवारी बदलत नाही, कारण वर आणि खाली एकाच पटीने वाढ होते. बेरीज मात्र दहा लाख पट होते. म्हणजे टक्के बरोबर आले म्हणून वाचन बरोबर झाले, असे समजता येत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, २०१७-१८ मध्ये, कुटुंबांच्या आरोग्यखर्चाची माहिती घेण्यात आली. त्या फाइलींतील गुणकही प्रसंगानुसार १०० ने किंवा २०० ने भागून वापरावा लागतो. मोठ्या संस्था या गोष्टी रचनापत्रकात स्पष्ट लिहून देतात. तो कागद वाचणे हे वापरणाऱ्याचे काम आहे.

आणखी दोन धोके थोडक्यात सांगतो. काही वेळा ओळीच्या शेवटचा रकाना रिकामा असतो आणि ओळ आखूड पडते. सॅसला वेगळे काही सांगितले नाही, तर उरलेला आकडा शोधण्यासाठी ते पुढील ओळीत जाते. म्हणजे एका रुग्णाच्या रिकाम्या जागी दुसऱ्या रुग्णाच्या ओळीतील अंक येतात आणि एक रुग्ण नाहीसा होतो. त्यावर 'ट्रंकओव्हर' नावाची सूचना द्यावी लागते. ती दिली की आखूड ओळ आखूडच मानली जाते आणि रिकामे ते रिकामे राहते.

दुसरा धोका आपल्या भाषेचा. आपण रुग्णांची नावे व गावे देवनागरीत लिहू लागलो, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु 'जुन्नर' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या युनिकोड मोजणीत तो सहा चिन्हांचा आहे, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या नेहमीच्या रीतीत त्याला अठरा बाइट लागतात. 'आंबेगाव' डोळ्यांना चार अक्षरांचा, मोजणीत सात चिन्हांचा, साठवणीत एकवीस बाइटांचा. एक प्रणाली चिन्हे मोजते, दुसरी बाइट मोजते. अशा वेळी गावाच्या नावापुढील सगळी घरे सरकतात, आणि प्रत्येक गावासाठी निराळ्या अंतराने सरकतात. म्हणून आम्ही आता अंकांचे रकाने ओळीच्या आरंभी आणि देवनागरी नावे अखेरीस ठेवतो.

या अनुभवानंतर विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही काही नियम केले. ते मी वाणिज्य शाखेतच शिकलो होतो. केवळ येथे लावावयास विसरलो होतो. बँकेच्या पासबुकाशी रोकडवहीचा ताळमेळ घातल्याशिवाय कोणी ताळेबंदावर सही करीत नाही. तसाच ताळमेळ येथेही घालावयाचा.

पहिला नियम: कोणतीही फाइल रचनापत्रकाशिवाय कोणालाही द्यावयाची नाही. प्रत्येक रकाना कोठे सुरू होतो, कोठे संपतो, टिंब लिहिलेले आहे की मानावयाचे आहे, एकक कोणते, रिकामे घर म्हणजे काय आणि विशेष संकेत कोणते, हे त्यात असले पाहिजे.

दुसरा नियम: फाइलीतील ओळी आणि वाचलेल्या नोंदी यांची संख्या सारखी आली पाहिजे. जशी पावतीपुस्तकातील पावत्यांची संख्या जुळवतात, तशीच.

तिसरा नियम: प्रत्येक रकान्याचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहावयाचा आणि तो डॉक्टर किंवा तंत्रज्ञ यांना दाखवावयाचा. ज्याने रुग्ण पाहिला आहे, त्याच्या नजरेला जे खटकते ते संगणकाला खटकत नाही.

चौथा नियम: शंका असलेला रकाना आधी अक्षरे म्हणून जसाच्या तसा वाचावयाचा. टिंब आहे का, अंक किती आहेत, हे पाहून मगच त्याची संख्या करावयाची. आमच्या फाइलीत टिंब नसलेले तीन अंक यंत्राचे आणि दोन किंवा एक अंक शिबिराचे, हे असे पाहताच दिसले असते.

पाचवा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा नियम: अशक्य वाटणारा आकडा वगळावयाचा नाही. त्याची मूळ नोंद काढावयाची. अशक्य आकड्यामागेही एक माणूस असतो, आणि पुष्कळदा तोच सर्वांत अडचणीत असतो.

रुग्णांच्या कुटुंबीयांनाही या निमित्ताने एक विनंती आहे. अहवालातील आकड्याबरोबर त्याचे एकक पाहण्याची सवय ठेवावी. प्लेटलेट पेशी एका प्रयोगशाळेच्या कागदावर १.५ लाख, दुसऱ्या कागदावर १,५०,००० आणि तिसऱ्यावर नुसते १५० अशा लिहिलेल्या असतात. तिन्ही एकच असू शकतात, कारण तिसऱ्या कागदावर 'हजारांत' असे बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेले असते. घाबरण्यापूर्वी किंवा निश्चिंत होण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. जुने कागद टाकून देऊ नयेत. त्या रात्री पदराच्या गाठीत बांधलेले कार्ड आमच्या संगणकापेक्षा अधिक खरे ठरले, हे मी विसरलेलो नाही.

देणगीदार बंधुभगिनींना मी विनंती करतो की, आमच्या अहवालातील आकडा पाहून आपण "हा कोणी मोजला आणि कशाशी ताडून पाहिला?" असे अवश्य विचारावे. त्यात अविश्वास आहे असे आम्ही मानणार नाही. दान देणाऱ्याला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे, आणि हिशेब विचारला जातो तेथे तो नीट ठेवलाही जातो. विश्वस्त मंडळाला माझी नम्र सूचना आहे की, प्रयोगशाळेच्या व शिबिरांच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्या जागेच्या अडचणीमुळे निकालात काढू नयेत. त्यांच्यासाठी एक कोरडी खोली आणि दोन लोखंडी कपाटे एवढीच मागणी या वर्षी मी ठेवली आहे.

नाणेघाटातील लेखाचा काही भाग काळाच्या ओघात झिजला आहे. तरीही जे अंक उरले आहेत ते अभ्यासकांना वाचता येतात, कारण प्रत्येक चिन्ह आपली किंमत स्वतःजवळ बाळगून आहे. आपल्या फाइलींतील अंकांजवळ ती सोय नाही. त्यांची किंमत त्यांच्या जागेत आहे, आणि जागेची आठवण ठेवणारा कागद आपण जपला तरच ती टिकणार आहे. या वर्षीच्या अहवालातील प्रत्येक तक्त्याखाली तो आकडा कोणत्या नोंदवहीशी ताडून पाहिला आहे, हे आपणांस प्रथमच छापलेले आढळेल. त्यात काही उणे दिसले तर कृपया कळवावे. आम्ही वही काढून पाहू.